रविवारची सकाळ रिकामी नसते

बेळगावात उद्यमबागेकडून येणारा रस्ता तिसऱ्या रेल्वे गेटापाशी जिथे काँग्रेस रोडला मिळतो, तिथे गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी सव्वासहाला सायकलच्या एका कार्यक्रमासाठी लोखंडी बॅरिकेड आडवं लावलेलं होतं. अलीकडे एक दूधवाला सायकलवरून उतरून उभा होता. जुनी काळी हर्क्युलिस, मागे दोन्ही बाजूंना एकेक कॅन, हँडलला अडकवलेली लिटर-अर्ध्या लिटरची मापं, कानाला मफलर. पलीकडे रस्ता अगदी मोकळा. मधूनच दहा-पंधरा सायकलस्वारांचा घोळका सुळकन निघून जायचा, आणि मग पुन्हा दोन-तीन मिनिटं त्या रस्त्यावर चिटपाखरू नसायचं.

"सोडा की वो दादा. माझी बी सायकलच हाय की," दूधवाला म्हणाला.

बॅरिकेडजवळच्या पोरानं, कॉलेजातला असावा, अदबीनं सांगितलं, "काका, रजिस्ट्रेशन केलेल्यांनाच आत सोडायला सांगितलंय. नंबर आहे का तुमचा?"

"कसला नंबर?"

पोरानं स्वतःच्या टी-शर्टवर चार टाचण्यांनी लावलेला कागद दाखवला. दूधवाल्यानं तो नीट पाहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सातच्या आत दूध घातलं न्हाई तर लोक पिशवीचं आणत्यात. एकदा पिशवी आणली की दुसऱ्या दिवशी बी पिशवीच." अर्धा तास वाट पाहून त्यानं सायकल वळवली आणि अनगोळच्या बाजूनं वळसा घालायला निघून गेला. भरलेल्या कॅनची सायकल चढावर चालवता येत नाही, हातानं ढकलत न्यावी लागते. तो दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राहिलो.

अडकलो मीही होतो, पण माझं काही नासत नव्हतं. मी कॅम्पात एका मित्राकडे चहाला चाललो होतो, तोही सायकलवरूनच. म्हणजे सायकलच्या प्रचारासाठी बंद केलेल्या रस्त्यावर त्या सकाळी दोन सायकलवाले अडवले गेले. त्यातला एक तर गेली कित्येक वर्षं रोज पहाटे मच्छे गावाहून टिळकवाडीपर्यंत सायकल मारतोय. त्याच्याएवढा सायकलचा प्रचार या शहरात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

सायकल माझ्या घरातली आहे. वडील उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर होते आणि नोकरीभर सायकलनंच गेले. पाळी सुटली की खानापूर रोडवर सायकलींचा लोंढा लागायचा. त्यातून वडिलांची सायकल ओळखायची तर घंटीवरून, कारण कपडे सगळ्यांचे सारखेच, तेलकट निळे. त्या रस्त्याला आज सायकल म्हणजे अडथळा वाटतो. तेव्हा शहरात कुणी सायकलचा कार्यक्रम करतंय म्हटल्यावर मला आनंदच होतो. पोरं पहाटे उठून पॅडल मारतायत, पोरीही मारतायत, साठीतले लोक मारतायत, हे चांगलंच आहे. माझं भांडण त्या बॅरिकेडशी आहे, आणि ते लावताना शहराविषयी जे गृहीत धरलं जातं त्याच्याशी आहे.

गृहीत असं की रविवारची सकाळ रिकामी असते. ऑफिसं बंद, शाळा बंद, दुकानं उशिरा उघडणार, मग साडेपाच ते साडेनऊ रस्ता घेतला तर कुणाचं काय जातंय? हा हिशेब करणाऱ्याची स्वतःची रविवारची सकाळ रिकामी असते, म्हणून त्याला शहराचीही तशीच वाटते. पण बेळगावची रविवारची सकाळ पाहायची असेल तर पहाटे पाचला हिंडलग्याच्या किंवा पिरनवाडीच्या रस्त्यावर उभं राहावं. दुधाचे रतीब रविवारी बंद नसतात, उलट घरी माणसं जास्त म्हणून अर्धा लिटर जादाच लागतं. कडोलीकडून, सांबऱ्याकडून, बसवन कुडचीकडून भाजीच्या बुट्ट्या येतात, कारण रविवारी लोक सावकाश बाजार करतात आणि भाजीवालीची खरी कमाई त्याच दिवशी होते. नाक्यावर उभे राहणारे गवंडी आणि बिगारी आठच्या आत पोचले नाहीत तर त्यांचा दिवस गेला. दवाखान्यातल्या सिस्टर लोकांची रात्रपाळी सुटते आणि दिवसपाळी लागते. स्पर्धा परीक्षा बहुतेक रविवारीच असतात आणि खेड्यातनं येणारी पोरं पहिल्या बसनं निघतात. मार्गशीर्ष-पौषात सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर निघालेल्या गाड्या असतात. सायकलच्या कार्यक्रमांचा मोसमही नेमका तोच, थंडीचा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. यातला कुणीही आयोजकांच्या ओळखीचा नसतो. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नसतो, त्यांच्या क्लबात नसतो. म्हणून नकाशावर रस्ता आखताना तो दिसत नाही. कुणाच्याही मनात वाईट नसतं, पण न दिसणाऱ्याचा तोटा व्हायचा तो होतोच.

आता दवाखान्याचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः होतो. माझी मावशी चंदगड तालुक्यात राहते. तालुका महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात, पण तिकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. शिनोळीची हद्द ओलांडली की बाची, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा आणि मग शहर. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी पहाटे मावशीच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्याच एकाच्या गाडीत घालून तिला आणलं. मी हिंडलग्याला जाऊन त्यांना गाठलं आणि पुढे वाट दाखवत निघालो. कॅम्पात शिरताना बॅरिकेड. उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं अडवलं, पण पेशंट आहे म्हटल्यावर तो घाबरला, आणि त्यानं फोन लावला. त्या माणसानं दुसऱ्या कुणाला लावला. दुसरा उचलेना. गाडीत मावशी कपाळाला घाम आलेली, तोंडानं एकसारखं "विठ्ठला, विठ्ठला" म्हणतेय, आणि आम्ही एका फोनची वाट बघतोय. बारा मिनिटं गेली. शेवटी एका सायकलस्वारानंच, तो कार्यक्रमात भाग घेणारा होता, सायकल बाजूला टाकून बॅरिकेड ओढलं आणि म्हणाला, "जावा तुम्ही, मी बघतो." त्या भल्या माणसाचं नाव विचारायचंही राहून गेलं. मावशी आज बरी आहे.

त्या बारा मिनिटांवर मी नंतर खूप विचार केला. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यानं दहा हजारांचा दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. कायदा चांगला आहे. पण खेड्यातला पेशंट रुग्णवाहिकेतून येतोच असं नाही. तो शेजाऱ्याच्या गाडीतून येतो, वडापच्या जीपमधून येतो, रिक्षातून येतो, कधी दोघांच्या मध्ये बसून मोटारसायकलवरून येतो. त्याच्या गाडीवर सायरन नसतो. बॅरिकेडजवळ उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोरानं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि गाडी सोडायचा अधिकारही दिलेला नव्हता. चूक त्या पोराची मी धरत नाही. रस्ता बंद करायचा अधिकार वरच्यांनी घेतला, आणि तो उघडायची जबाबदारी कुणाकडेच ठेवली नाही.

असं काही बोललं की लगेच विचारतात, गणपतीला रस्ते बंद होतात तेव्हा तुम्ही कुठे असता? रास्त प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. विसर्जनाची मिरवणूक बेळगावात रात्र उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. शिवजयंती आपल्याकडे परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर होते, आणि चित्ररथांच्या मिरवणुकीला शहरातले मुख्य रस्ते पहाटेपर्यंत माणसांनी फुललेले असतात. वडगावात मंगाई देवीची यात्रा असली की त्या भागात गाडी घालायचं कुणी मनातसुद्धा आणत नाही. त्या दिवसांतही अडणारा अडतोच, आणि तेव्हाही पेशंटला वाट मिळायलाच हवी, यात मी मिरवणुकीला सूट देत नाही. पण एक फरक आहे. पंचांगात दिवस ठरलेला असतो. रस्ता पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. कपिलेश्वर तलावाकडे जाणारी वाट त्या दिवशी मिळणार नाही हे येळ्ळूरच्या भाजीवालीला न सांगता कळतं, ती आदल्या दिवशी माल खपवते. शिवाय तीच भाजीवाली संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन मिरवणूक बघायला येते. जो रस्ता तिच्याकडून घेतला जातो त्यावर तिलाही जागा असते. त्या रविवारच्या रस्त्यावर दूधवाल्याला जागा नव्हती, कारण त्याच्याकडे नंबर नव्हता.

सरकारी बंदोबस्ताचं वेगळं सांगायला नको. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये उभं राहिल्यापासून बहुतेक हिवाळ्यांत कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन येतं, त्यामागून मोर्चे येतात, वाहतूक वळवली जाते, आणि बेळगावकर मुकाट्यानं गल्लीबोळांतून वाट काढतो. त्याची सवय झाली आहे. पण एका गैरसोयीची सवय झाली म्हणून दुसरी करणाऱ्याला परवाना मिळत नाही.

आणि आपल्या सायकल फेरीचं काय? हे कुणी विचारायच्या आधी मीच विचारतो. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, मराठी बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं गेलं, आणि तेव्हापासून सीमाभागातला मराठी माणूस हा दिवस काळा दिन म्हणून पाळतो. महाराष्ट्र एकीकरण समितीची मूक सायकल फेरी धर्मवीर संभाजी उद्यानापासून निघते आणि शहरातल्या गल्ल्या-पेठांतून मराठा मंदिरापाशी येते. दंडाला काळी फीत, घोषणा नाहीत. कॉलेजात असल्यापासून मी त्या फेरीत सायकल मारली आहे, पहिल्यांदा तर वडिलांच्याच सायकलवरून. परवानगी मिळणार की नाही यावरून दरवर्षी ताण असतो, बंदोबस्त कडक असतो. त्याच दिवशी कन्नड बांधवांच्या राज्योत्सवाची मिरवणूक चन्नम्मा चौकात असते आणि तो भाग गर्दीनं भरून जातो. त्यांचा तो उत्सवाचा दिवस, आमचा दुःखाचा. पण दोन्हींमधून दवाखान्याकडे निघालेला माणूस कन्नड आहे की मराठी हे त्याचं दुखणं बघत नाही.

त्या फेरीनं मला एक गोष्ट शिकवली. आमच्यासाठी तीन-चार तास रस्ता मोकळा करून कुणी ठेवत नाही. रांग चौकात आली की आडव्या गाड्या थांबतात, रांग गेली की सुटतात. पुढचा माणूस हात वर करतो, मागचा थांबतो, मध्ये कुणी म्हातारी रस्ता ओलांडत असेल तर तिला जाऊ देतो. मी एकदा समादेवी गल्लीच्या तोंडाशी पाहिलंय, रांगेतल्या एका काकांनी सायकल आडवी धरून प्रेताची गाडी पुढे जाऊ दिली, आणि मागच्या सगळ्यांनी पाय टेकून माना खाली घातल्या. आमच्यामुळे कुणाला दहा मिनिटं उशीर होतोच, त्याचं उत्तर आम्हीही द्यायला लागतो. पण शेकडो सायकली शहरातून नेता येतात आणि शहर चालू राहतं, हे बेळगावला कुठल्या पुस्तकातून शिकायची गरज नाही.

म्हणून मला दोन प्रकारचे कार्यक्रम वेगळे करावेसे वाटतात. एक खरी शर्यत. शर्यतीत सायकलस्वारांचा जथा सपाटीला ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जातो, चाकाला चाक लागलेलं असतं, आणि समोर एक कुत्रं आलं तरी दहाजण एकमेकांवर कोसळतात. तिथे रस्ता बंदच हवा. आपल्याच जिल्ह्यात रामदुर्ग तालुक्यात चंदरगीची क्रीडा शाळा आहे, पलीकडे विजयपूरला सायकलिंगची मोठी परंपरा आहे. कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं तिथून राष्ट्रीय पातळीवर जातात, आणि सराव कुठे करतात तर ट्रक धावणाऱ्या हमरस्त्यावर. त्या पोरांसाठी कुणी बेळगावात वर्षातून एकदा शर्यत ठेवली तर मी माझ्या गल्लीत घरोघरी जाऊन सांगेन की आज चार तास कळ काढा. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, अनेक देशांचे संघ आले. तसल्या शर्यतीला रस्ता बंद ठेवणं हा सुरक्षेचा भाग आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद एवढाच असू शकतो की कुठला रस्ता, किती वेळ, आणि किती आधी सांगितलं.

दुसरा प्रकार जनजागृतीच्या रॅलीचा. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, टी-शर्ट, मेडल, नाश्ता, फोटो. वेग असा की शेजारून कुणी चालत गेलं तरी गप्पा मारता येतील. याला रस्ता बंद कशाला लागतो? सायकलवाल्याला शहरात जागा आहे हे मोटारवाल्याला शिकवायचं असेल तर मोटारवाला तिथे असला पाहिजे. त्याला दोन तास हाकलून दिलं तर तो काय शिकणार? सोमवारी तोच माणूस तसाच हॉर्न वाजवत दूधवाल्याला कडेच्या गटाराकडे दाबतो. लांब पल्ल्याचे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या सायकल फेऱ्या, करणारे आपल्याकडे आहेत. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. आंबोलीचा, चोर्ल्याचा घाट चढतात, रात्रीचे दिवे लावून, रिफ्लेक्टरचं जॅकेट घालून, चालू वाहतुकीतून, सिग्नल पाळत. त्यांच्यासाठी एक बॅरिकेड लागत नाही. सहाशे किलोमीटरला लागत नाही ते दहा किलोमीटरला लागतं, याचं कारण मला तरी सायकलमध्ये सापडत नाही. फोटो मोकळ्या रस्त्यावर चांगला येतो, हे एक कारण असू शकेल.

जगात रस्ते बंद करून सायकल चालवणारी शहरं आहेत आणि त्यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ च्या डिसेंबरात हे पहिल्यांदा झालं, आणि आता दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन मुख्य रस्त्यांचा मोठा भाग मोटारींना बंद असतो, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण ते उदाहरण देणारे त्यातलं मर्म सांगत नाहीत. तिथे दर आठवड्याला तोच दिवस, तेच तास, तेच रस्ते. तिथल्या दूधवाल्याला बॅरिकेडजवळ जाऊन कळत नाही की आज बंद आहे. चौकाचौकांत माणसं उभी असतात, ती सायकलींना थांबवून आडव्या गाड्या सोडतात. आणि नंबर नसतो. ज्याच्याकडे सायकल आहे तो येतो, नाही तो चालत येतो. म्हणजे ते आपल्या यात्रेच्या जवळचं आहे, क्लबाच्या कार्यक्रमाच्या नव्हे. उलट लंडनची राइडलंडन पाहा. ऑलिंपिकनंतर २०१३ मध्ये सुरू झाली, शंभर मैलांची, हजारो सायकलस्वारांची, आणि २०१९ पर्यंत शेजारच्या सरे परगण्यातून जायची. गावंच्या गावं एका रविवारी दिवसभर अडकून पडायची. शेवटी परगण्याच्या कौन्सिलनं लोकांना विचारलं आणि पुढे यजमान राहायचं नाही असं ठरवलं. २०२२ पासून ती एसेक्सकडे गेली. सायकलवर प्रेम करणाऱ्या देशात हे झालं. तिथल्या लोकांना निदान विचारलं तरी.

आपल्याला विचारत नाहीत, आणि सांगतानाही आपल्या भाषेत सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ११५ व्या कलमाखाली वाहतुकीवर निर्बंध घालता येतात. महिन्याहून जास्त काळाचा निर्बंध असेल तर राजपत्रात यावा लागतो. त्याहून कमी असेल तर राजपत्र नको, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यायलाच हवी, असं कायदा म्हणतो. ही स्थानिक प्रसिद्धी कशी असते? शुक्रवारी रात्री मोबाईलवर फिरणारं एक चित्र, त्यात इंग्रजीतला नकाशा. क्वचित कन्नडमध्ये दोन ओळी. मच्छ्याच्या दूधवाल्यापर्यंत, उचगावच्या भाजीवालीपर्यंत ते पोचत नाही, आणि पोचलं तरी तिला वाचता येत नाही. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण देशपातळीवर मान्य झालेलं आहे. सीमाभागात त्यावरून किती कागद झिजले ते इथे काढत नाही. मला एवढंच म्हणायचंय की 'रविवारी सकाळी साडेपाच ते साडेनऊ काँग्रेस रोड बंद' हे वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये लिहायला कुठल्या न्यायालयाचा निकाल लागत नाही. ते बस स्टँडवर लावा, दूध डेअरीवर लावा, गावच्या देवळाच्या भिंतीवर लावा, मराठी पेपरात आठवडाभर आधी द्या. आणि शिनोळीच्या पलीकडे चंदगडच्या सरकारी दवाखान्यात एक फोन करून सांगा, कारण तिथून येणारा पेशंट बेळगावच्या पोलिसांच्या सूचना वाचत नाही. तो दुसऱ्या राज्यातला आहे.

बसचंही तसंच. ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली, आणि तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या बायका कामाला, बाजाराला जास्त मोकळेपणानं शहरात येतात. रस्ता बंद असला की बस शहराच्या तोंडावरच थांबते. पुढे रिक्षा. जिचा प्रवास फुकट होता तिला त्या सकाळी रिक्षाचे पैसे मोजावे लागतात, आणि भांडी घासायला गेली तर तिथे उशीर झाला म्हणून बोलणी. हा खर्च कार्यक्रमाच्या जमाखर्चात कुठेच येत नाही. टी-शर्टचा येतो, मेडलचा येतो, मंडपाचा येतो.

तो यायला हवा, असं माझं म्हणणं आहे. ज्याला रस्ता हवा आहे त्यानं आधी सांगावं की या रस्त्यावरून त्या वेळी कोण कोण जातं. आदल्या दोन रविवारी तिथे पहाटे उभं राहून मोजावं, एवढं काही कठीण नाही. सायकलिंगची हौस असलेल्यांना पहाटे उठायची सवय असतेच. दवाखान्याकडे जाणारा रस्ता कधीच घेऊ नये. रेल्वे गेटं आधीच शहराचे दोन तुकडे करतात, त्यामुळे गेटांच्या दोन्ही अंगांचे रस्ते एका वेळी बंद करू नयेत. प्रत्येक बॅरिकेडजवळ एक तरी माणूस असा असावा ज्याला फोन न करता गाडी सोडता येईल, आणि ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असावं. चौक दर काही मिनिटांनी आडव्या वाहतुकीला उघडावा. साधी रॅली असेल तर राजहंसगडाच्या वाटेनं न्या, सांबऱ्याकडे न्या, डाव्या बाजूनं न्या. आणि सायकलवर आलेल्या कुणालाही, नंबर असो नसो, कॅन लावलेला असो नसो, सायकलच्या कार्यक्रमात अडवू नये. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला खर्च शून्य आहे.

सायकल वाढावी असं खरंच वाटत असेल तर कामं समोर पडली आहेत. २००६-०७ पासून कर्नाटक सरकार सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायचं. येळ्ळूर, कडोलीच्या पोरी त्या सायकलींवर हायस्कूलला जाताना मी पाहिल्या आहेत, दोन वेण्या आणि कॅरिअरला दप्तर. कोविडच्या साथीत ते थांबलं. त्या सायकलींसाठी आपल्या क्लबांनी किती निवेदनं दिली? बेळगाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आलं, रस्ते खोदले गेले, पुन्हा बांधले गेले, आणि आज माझ्या घरापासून उद्यमबागेपर्यंत सायकलसाठी राखलेली सलग एक फूटभर पट्टी नाही. त्या पट्टीसाठी कुणी रविवारी सकाळी हजार सायकली घेऊन महापालिकेपुढे उभं राहिलं, तर मी पहिल्या रांगेत येईन, आणि त्या दिवशी रस्ता अडला तर लोकांची माफीही मागेन.

तो दूधवाला मला अधूनमधून भेटतो. त्या रविवारी टिळकवाडीतली दोन घरं त्याच्या हातून गेली, ती परत आली नाहीत. आता थंडीच्या दिवसांत दर रविवारी तो पाचऐवजी साडेचारलाच मच्छ्याहून निघतो. रस्ता चालू आहे की बंद, हे त्याला कुणी सांगत नाही, म्हणून.